दारात कोण उभं आहे? : दूरच्या संगणकात आपोआप शिरण्याचा इतिहास



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी आम्हाला फोन केला. ‘सर, तुमची पीएच.डी. तत्त्वज्ञानातली. दूरच्या संगणकात आपोआप लॉगिन करणाऱ्या स्क्रिप्टांचा इतिहास तुम्ही कशाला सांगायला निघालात?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आमच्या हातून झालेल्या एका चुकीत आहे. ती चूक आम्ही शेवटी सांगू. आधी इतिहास.

पाथरीत उभं राहून बोलायचं तर सुरुवात पाथरीपासूनच केली पाहिजे. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज हे पाथरीचे कुलकर्णी, असं फिरिश्ता सांगतो. घराण्यातला एक मुलगा बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला, मोठ्या पदाला चढला आणि त्याच्या मुलाने पुढे अहमदनगरची गादी स्थापन केली. नातू बुऱ्हाण निजामशहा याला पाथरी हवी होती. बदल्यात दुसरा मुलूख देऊ, असं त्याने वऱ्हाडच्या इमादशहाला कळवलं. तो ऐकेना. मग १५१८ साली बुऱ्हाणाने पाथरी लढून घेतली.

कुलकर्णी म्हणजे कोण? गावाचं दफ्तर ज्याच्या हाती, तो. जमीन कुणाची, वाटा कुणाचा, बाकी किती, हे त्याच्या लेखणीने ठरायचं. पण लेखणी तर कुणीही उचलील! म्हणून शिक्का आला. पत्र संपलं तिथे ‘मोर्तब सुद’ आलं. मजकूर इथे संपला, याच्याखाली कुणी ओळ वाढवू नये, असा त्याचा अर्थ. आणि हिशेब तपासून झाला की ‘रुजू’ असा शेरा पडायचा. रुजू म्हणजे मी पाहिलं, ताडलं, बरोबर आहे. हा ‘रुजू’ शब्द कृपा करून ध्यानात ठेवा. आपल्याला तो पुन्हा लागणार आहे.

निजामी राजवटीत या भागात आणखी एक गंमत होती. गावचा कुलकर्णी मोडीत मराठी लिहायचा. वरच्या कचेरीची भाषा आधी फारसी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू. इकडे शके, तिकडे फसली. जमीन एकच, पण ती दोन लिप्यांत, दोन कालगणनांत नांदत होती, आणि मधे कुणीतरी दोन्हीकडचं जाणणारा लागायचा. वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम एकमेकींशी बोलतात तेव्हा नेमका हाच प्रश्न असतो.

आता आपण थेट अमेरिकेत जाऊ. तारीख २९ ऑक्टोबर १९६९. रात्रीचे साडेदहा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी एका संगणकासमोर बसला आहे. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, काही शे किलोमीटरवर, बिल डुवाल दुसऱ्या संगणकासमोर. दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या जातीची, दोन्हींची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी. पुढे ज्यातून इंटरनेट उभं राहिलं त्या आर्पानेटवरचा हा पहिला संदेश. काय होता तो? ‘नमस्कार’ नव्हता. क्लाइन ‘लॉगिन’ हा शब्द टाइप करत होता. इंग्रजीतली पहिली दोन अक्षरं पोचली, ‘एल’ आणि ‘ओ’, आणि पलीकडचं यंत्र कोलमडलं. तासाभराने पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा साधलं.

म्हणजे बघा, जाळ्यावरचं माणसाचं पहिलं वाक्य ‘मला आत घ्या’ असं होतं.

आत घ्यायचं तर ‘तू कोण?’ हा प्रश्न आलाच. तो आर्पानेटच्याही आधीचा. एमआयटीमध्ये १९६०च्या दशकाच्या आरंभी फर्नांदो कॉर्बातो यांच्या गटाने अशी व्यवस्था उभी केली की एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. आणि १९६२ सालीच तो फुटलाही. ॲलन शेर नावाच्या संशोधकाला ठरवून दिलेला वेळ पुरत नव्हता. त्याने पासवर्डची अख्खी फाइल छापून घेतली आणि इतरांच्या नावाने आत जाऊ लागला. पासवर्ड आणि पासवर्डची चोरी ही जवळजवळ जुळी भावंडं आहेत.

आपल्या न्यायदर्शनात प्रत्यभिज्ञा नावाची कल्पना आहे. ‘हा तोच देवदत्त’ अशी ओळख पटणं. पूर्वी पाहिलेला देवदत्त आठवतो, समोरचा दिसतो, आणि दोन्ही एकच असं ज्ञान होतं. संगणकाला चेहरा दिसत नव्हता. म्हणून त्याने ठरवलं : ज्याला गुपित ठाऊक, तो देवदत्त. यात एक मोठी फट आहे. गुपित सांगता येतं, आणि ज्याला सांगितलं तोही देवदत्त होतो.

ही फट मनात ठेवून पुढे चला. दोन वेगळ्या जातींच्या यंत्रांनी बोलायचं कसं, यावर टेलनेट हा तोडगा निघाला. त्याचा पक्का मसुदा १९८३च्या मे महिन्यात जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी लिहिला. त्यातली कल्पना आम्हाला फार आवडते. त्यांनी एक काल्पनिक टर्मिनल मानलं, जे जगात कुठेच नाही. प्रत्येक यंत्राने आपली बोली त्या काल्पनिक टर्मिनलच्या बोलीत उलथायची, आणि पलीकडच्याने ती आपल्या बोलीत उतरवून घ्यायची. मोडी आणि उर्दू यांच्यामधे कुणाचीच मातृभाषा नसलेली एक तिसरी भाषा ठेवावी, तसं.

तरीही बारीक खोडी राहिल्याच. ओळ कुठे संपते, हे घ्या. तारघरातल्या टेलिप्रिंटरला ओळ संपली की दोन कामं करावी लागत : छापणारा भाग डावीकडे परत आणायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. डॉस आणि विंडोजने या दोन्ही खुणा ठेवल्या. युनिक्सने एकच ठेवली. परिणाम असा, की विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट युनिक्सवर नेली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर शिल्लक राहतं. डोळ्यांना पासवर्ड बरोबर दिसतो, यंत्र मात्र तो चुकीचा म्हणून नाकारतं. कित्येक तरुणांच्या रात्री या एका अदृश्य अक्षराने खाल्ल्या आहेत.

आता ‘आपोआप’ या शब्दाकडे येऊ. माणूस दारात उभा राहून नाव सांगतो, गुपित सांगतो, आत जातो. पण हे रोज करायचं असेल, रात्री करायचं असेल, पन्नास यंत्रांवर करायचं असेल, तर? बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी १९७६च्या सुमारास यूयूसीपी नावाचा कार्यक्रम लिहिला. एक युनिक्स यंत्र दुसऱ्याला टेलिफोन लावणार, आत शिरणार, फायली आणि पत्रं देऊन-घेऊन फोन ठेवणार, आणि माणूस घरी झोपलेला. त्यासाठी एका फाइलीत छोटी पटकथा लिहिलेली असे. अमुक शब्द दिसेपर्यंत थांब, मग हे नाव पाठव. पुन्हा अमुक शब्दाची वाट बघ, मग पासवर्ड पाठव.

त्या पटकथेत एक लोभस बारकावा होता. पलीकडचं यंत्र कधी मोठा ‘एल’ वापरून लॉगिन लिहायचं, कधी छोटा. टेलिफोनच्या खरखरीत पहिलं अक्षर खराबही व्हायचं. म्हणून पटकथा लिहिणारे पहिलं अक्षर गाळूनच टाकत. ‘लॉगिन’ची वाट न बघता ‘ऑगिन’ची वाट बघत, ‘पासवर्ड’ऐवजी नुसत्या ‘सवर्ड’ची. दारावरचा पहारेकरी बोबडा आहे हे धरूनच संवाद लिहिलेला. आणि त्याच फाइलीत पलीकडचा फोन नंबर आणि पासवर्ड उघडे-वाघडे लिहिलेले. ती फाइल ज्याला वाचता येईल, तो देवदत्त.

आपल्याकडची जाळ्याची सुरुवातही याच मार्गाने झाली. १९८६-८७च्या सुमारास मुंबईत जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून संगणकांचा टपालव्यवहार सुरू झाला. एनसीएसटीची धुरा तेव्हा श्रीनिवासन रमणी यांच्याकडे होती. पाच आयआयटी, बंगळुरूची विज्ञानसंस्था, एनसीएसटी आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा आठ ठिकाणांचं हे अर्नेट. आरंभी त्यावर यूयूसीपीचं टपाल हीच सेवा होती. पुढे एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली.

सामान्य माणसाला ही चव लागली ती १५ ऑगस्ट १९९५ पासून, व्हीएसएनएलने मोठ्या शहरांत इंटरनेट दिलं तेव्हा. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त ‘शेल’ खातं असे. ते होतं काय? घरी डॉस किंवा विंडोजचा संगणक, आणि मोडेम किरकिरत जोडला जायचा तो व्हीएसएनएलच्या युनिक्स यंत्राशी. पडद्यावर नुसती अक्षरं. फोन सतत एंगेज. मग टेलिक्स, प्रोकॉम असल्या प्रोग्रॅममध्ये पोरं स्क्रिप्ट लिहायची : फोन लाव, एंगेज असेल तर पुन्हा लाव, लागला की नाव टाक, पासवर्ड टाक, आणि मग मला हाक मार. एका ऑपरेटिंग सिस्टिममधून दुसरीत आपोआप शिरणं हे आपल्या कितीतरी मराठी घरांत तेव्हा असं चालू होतं. त्याला कुणी इतिहास म्हणत नव्हतं, एवढंच.

युनिक्स लिहिणाऱ्यांना यातला धोका दिसत होता. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्सन यांनी १९७९ साली पासवर्डच्या सुरक्षिततेवर एक निबंध लिहिला. तो आजही वाचावा असा आहे. युनिक्सने एक शहाणपणाची अडचण मुद्दाम ठेवली होती. पासवर्ड विचारताना प्रोग्रॅम थेट टर्मिनलकडे, म्हणजे कळफलकासमोरच्या माणसाकडे बघायचा. दुसऱ्या प्रोग्रॅमने नळीतून पासवर्ड ओतला तर तो घ्यायचा नाही. ‘मला माणसाशी बोलायचंय,’ असंच ते यंत्र म्हणत होतं.

माणसाने काय केलं? यंत्रासाठी खोटा माणूस बनवला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतले डॉन लिब्स यांनी ‘एक्स्पेक्ट’ नावाचं साधन लिहिलं आणि १९९० साली ते जगापुढे ठेवलं. त्याच्या पोटात जॉन ऊस्टरहाउट यांची टीसीएल ही छोटी भाषा होती. एक्स्पेक्ट एक खोटं टर्मिनल उभं करतं, आणि पलीकडच्या प्रोग्रॅमला वाटतं समोर माणूसच बसलाय. मुख्य आज्ञा तीन : स्पॉन, म्हणजे संवाद सुरू कर, एक्स्पेक्ट, म्हणजे अमुक मजकूर येईपर्यंत थांब, सेंड, म्हणजे उत्तर दे. युनिक्स ‘लॉगिन’ विचारतं, व्हीएमएस ‘युजरनेम’ विचारतं. स्क्रिप्टमध्ये दोन्ही शक्यता लिहून ठेवायच्या. एंटरच्या जागी कोणती खूण पाठवायची, हेही जपायचं. शेकडो यंत्रं सांभाळणाऱ्या माणसांना हे वरदान वाटलं, आणि ते होतंच. पण एक्स्पेक्टला प्रश्न कळत नाही. त्याला फक्त प्रश्नाचा आकार कळतो.

दुसरीकडे बर्कलीच्या लोकांनी १९८३ साली आणखी सोपी वाट काढली होती. त्या यंत्रावरून तू आलास ना, मग माझा तुझ्यावर विश्वास आहे, पासवर्ड नको. गावातल्या गावात हे ठीक. २ नोव्हेंबर १९८८ रोजी एक किडा जाळ्यात सुटला आणि हजारो यंत्रं ठप्प झाली. त्याच्या अनेक वाटांपैकी एक वाट हाच शेजारधर्म होती, आणि दुसरी म्हणजे सोपे पासवर्ड ओळखणं. किडा लिहिणारा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस, पासवर्डवर निबंध लिहिणाऱ्या त्याच मॉरिस यांचा मुलगा. नियतीलाही विनोद कळतो.

आणि खरी फट अजून तशीच होती. टेलनेटवरून जाणारा पासवर्ड तारेतून उघडा जायचा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी कान लावून पासवर्ड टिपले. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर इलाज म्हणून काही महिन्यांत एसएसएच लिहिलं. त्याला क्रमांक मिळाला २२. शेजारी २१ वर फायली नेणारं एफटीपी आणि २३ वर जुनं टेलनेट. १९९९च्या अखेरीस ओपनएसएसएच आलं. विंडोजवाल्यांसाठी केंब्रिजच्या सायमन टॅथम यांनी ‘पुटी’ दिलं, आणि स्क्रिप्टमधून वापरायला त्याचं भावंड ‘प्लिंक’. मायक्रोसॉफ्टने स्वतः एसएसएच विंडोजमध्ये घेतलं ते २०१८ साली.

एसएसएचने तार झाकली, ही झाली वरवरची गोष्ट. आतली गोष्ट किल्ल्यांची. प्रत्येकाने दोन किल्ल्यांची जोडी करायची. एक कुणालाही न दाखवता आपल्याजवळ, दुसरी उघडपणे पलीकडच्या यंत्राकडे. आत जाताना गुपित सांगायचंच नाही. दर वेळी नव्या मजकुरावर खासगी किल्लीने सही करायची. पलीकडचं यंत्र उघड किल्लीने ती सही ताडून बघतं. सही बघून शिक्का ओळखता येतो, पण शिक्का चोरता येत नाही. शिवाय त्या किल्लीला मर्यादा घालता येते : या किल्लीने फक्त अमुक यंत्रावरून यावं आणि फक्त अमुक एकच काम करावं. कोर्टकचेरीच्या भाषेत सांगायचं तर स्क्रिप्टला पासवर्ड देणं म्हणजे कुलमुखत्यारपत्र, आणि मर्यादित किल्ली देणं म्हणजे एका कामापुरतं मुखत्यारपत्र. आपल्या गावातला अडाणी म्हणवला जाणारा शेतकरीसुद्धा या दोन कागदांतला फरक नीट जाणतो.

एसएसएचने आणखी एक प्रश्न आणला, जो टेलनेटला सुचलाच नव्हता. आजवर यंत्र आपल्याला विचारत होतं, ‘तू कोण?’ आता आपणही विचारायचं, ‘आणि तू कोण?’ पहिल्यांदा जोडलं की पलीकडचं यंत्र आपल्या किल्लीचा ठसा दाखवतं आणि आपल्या बाजूचा प्रोग्रॅम विचारतो : ओळखीचा आहे का हा? हो की नाही? इथे आमची चूक सुरू होते.

निवृत्तीच्या आधी आमच्याकडे महाविद्यालयाच्या परीक्षेचं काम होतं. अंतर्गत गुण रोज संध्याकाळी वरच्या एका कार्यालयाच्या युनिक्स यंत्रावर पाठवायचे. आमच्याकडे विंडोज. आमचं वय आणि आमचा उत्साह, दोन्ही बेताचे. एका हुशार विद्यार्थ्याला आम्ही म्हटलं, ‘बाबा, हे आपोआप होईल असं काही कर.’ त्याने प्लिंकवर चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. रात्री अकराला यंत्र आपणहून जायचं आणि फाइल ठेवून यायचं. पासवर्ड त्या फाइलीतच. ठशाचा प्रश्न मधे येऊन काम अडायचं, म्हणून त्याने उत्तरही आधीच लिहून ठेवलं : प्रश्न येवो न येवो, ‘हो’. त्याने आम्हाला तसं सांगितलं होतं. आम्ही मान डोलावली.

आम्ही निवृत्त झालो. सत्कार झाला, शाल-नारळ झालं. पण आमच्या नावाने रात्री अकराला कुणीतरी रोज कामावर येतच होतं. ती स्क्रिप्ट बंद करायचं ना आम्हाला सुचलं, ना दुसऱ्या कुणाला. पुढच्या वर्षी पलीकडचं यंत्र बदललं. जुन्या पत्त्यावर चाचणीचं यंत्र बसवलं, खाती तीच ठेवून. ठसा अर्थातच वेगळा. प्रोग्रॅमने विचारलं, ‘हा ओळखीचा आहे का?’ स्क्रिप्ट म्हणाली, ‘हो.’ फाइल गेली, ‘पोचली’ अशी नोंद झाली. ती पोचली होती एका रिकाम्या यंत्रावर. सतरा मुलांचे गुण खऱ्या ठिकाणी गेलेच नाहीत. निकाल राखून ठेवले गेले. सोळा जणांचं पुढे मार्गी लागलं. एका मुलीच्या प्रवेशाची मुदत मात्र टळली. कागद घेऊन आम्ही तिच्याबरोबर तीन ठिकाणी हिंडलो. प्रत्येक ठिकाणी नोंदवहीत आमचंच नाव, रात्री अकरा वाजताचं. ‘सर, पाठवलं तर तुम्हीच आहे ना?’ असं एका कारकुनाने विचारलं. त्याला काय सांगणार? पाठवलं होतं तर आम्हीच. तिचं वर्ष गेलं ते गेलं.

त्या दिवसापासून आम्ही हा इतिहास वाचायला घेतला. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात का पडावं, याचं उत्तर हेच.

आमच्या लक्षात आलं ते असं. आत शिरण्याचं काम यंत्राला देता येतं. नाव सांगणं, सही करणं, फाइल ठेवणं, फाइल आणणं, सगळं देता येतं आणि द्यावंही. रोज तेच काम माणसाने करत बसण्यात काही पुण्य नाही. पण ‘रुजू’ हा शेरा वेगळ्या जातीचा आहे. रुजू म्हणजे मी पाहिलं. न पाहता आधीच लिहून ठेवलेलं ‘हो’ हे रुजू होऊच शकत नाही. तो नुसता अक्षरांचा आकार आहे, एक्स्पेक्टला दिसतो तसा. आमच्या विद्यार्थ्याचं चुकलं नाही. त्याने अडचण दूर केली. ती अडचण म्हणजेच पहारा होता, हे ओळखण्याचं काम आमचं होतं.

मग करायचं काय? फार अवघड नाही. यंत्राला यंत्राची वेगळी ओळख द्या, स्वतःचं नाव देऊ नका. पासवर्डऐवजी किल्ली द्या, आणि एका कामापुरती द्या. पलीकडचा ठसा माणसाने एकदा, फोन करून, ताडून नोंदवा. तो बदलला तर स्क्रिप्टने थांबावं आणि हाक मारावी, पुढे रेटू नये. आणि ज्या दिवशी माणूस पद सोडतो त्या दिवशी त्याच्या किल्ल्या मोडा. पूर्वी अधिकारी गेला की त्याचा शिक्का काढून घेत. आम्ही शाल घेतली, पण आमचा शिक्का कुणी मागितला नाही आणि आम्हीही दिला नाही.

शेवटचं, पाथरीपुरतं. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला शाईच्या सहीचा मान दिला. आज सातबारा डिजिटल सहीने निघतो. बँक, पीकविमा, शिष्यवृत्ती, सगळीकडे लॉगिन आहे. आपल्यापैकी किती जणांचा पासवर्ड सेवा केंद्राच्या टेबलावरच्या वहीत आहे? किती जण फोनवर आलेला ओटीपी न वाचता शेजारच्या पोराला सांगतात? पोरं चांगली आहेत, केंद्रवालाही ओळखीचा आहे. आमचा विद्यार्थीही चांगलाच होता. चांगल्या माणसावर अविश्वास दाखवा असं आम्ही म्हणत नाही. मदत जरूर घ्या. पण ‘हो’ म्हणण्याआधी पडद्यावर काय विचारलंय, ते मोठ्याने वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. तेवढं रुजू स्वतःकडे ठेवा.

या गावच्या कुलकर्ण्यांच्या वंशजांनी दफ्तराच्या मानासाठी लढाई केली. आपल्याला लढायचं नाही. दारात कोण उभं आहे, ते डोळ्यांनी बघून मग कडी काढायची, इतकंच.

आता प्रश्न विचारा. ओळींच्या शेवटच्या त्या अदृश्य अक्षराबद्दल कुणाला विचारायचं असेल तर आमच्यापेक्षा मागच्या रांगेतली मुलं चांगलं सांगतील.